ओळख संगणक आणि इंटरनेटच्या शब्दांची

(रब्बीपूर्व शेतकरी प्रशिक्षण वर्गात कृषिविद्या विभागाच्या व्याख्यात्याने दिलेले भाषण)



सकाळपासून आपण हरभऱ्याची बीजप्रक्रिया, करडईची विरळणी आणि तुषार संचाची मांडणी हे विषय ऐकले. माझाही मूळ विषय कृषिविद्या हाच आहे. मी संगणकशास्त्राचा पदवीधर नाही. त्यामुळे या यंत्राच्या पोटात काय चालते याचे शास्त्रीय विवेचन माझ्याकडून होणार नाही. तरीही संयोजकांनी विचारले तेव्हा मी होकार दिला, कारण यातील चार शब्द नीट न कळल्यामुळे शेतकऱ्याचे नुकसान कसे होते हे मी आमच्याच घरात पाहिले आहे, आणि त्यात चूक माझी होती.

२०१९ च्या ऑक्टोबर महिन्यात राज्यात पावसाने काढणीच्या पिकांचे काय केले हे आपणांस सांगावयास नको. मराठवाड्यात आमच्या गावी माझ्या चुलत्यांचे, आम्ही त्यांना नाना म्हणतो, तीन एकर सोयाबीन कापून शेतात सुकत पडले होते. सलग पावसाने शेंगांना जागेवरच मोड आले. पीक विमा घेतलेला होता. त्या वेळच्या नियमाप्रमाणे कापणीनंतर शेतात पसरलेल्या पिकाचे अवकाळी पावसाने नुकसान झाल्यास ७२ तासांच्या आत कळवावयाचे होते. नानांनी मला फोन केला. मी विद्यापीठाच्या वसाहतीत, चांगल्या रेंजमध्ये बसलेलो. मी म्हणालो, "नाना, मोबाइलवरूनच भरा. नातवाला बसवा. माहिती भरायची, फोटो जोडायचा, शेवटचं बटण दाबायचं, की झालं."

नातवाने माहिती भरली, फोटो जोडला, बटण दाबले. पडद्यावर चक्र फिरू लागले आणि फिरतच राहिले. रेंजच्या दोन रेघा दिसत होत्या. आदल्या रात्री त्याच मोबाइलवर त्याने व्हिडिओ पाहिला होता, म्हणजे इंटरनेट चालू आहे याविषयी त्याला शंका नव्हती. पाच मिनिटे वाट पाहून त्याने ॲप बंद केले. नानांनी विचारले, "गेलं का रे?" तो म्हणाला, "बटण दाबलं की." रात्री मीही फोनवर हेच विचारले आणि हेच उत्तर ऐकून निश्चिंत झालो. दोन महिन्यांनी चौकशीच्या वेळी नुकसानीच्या सूचनेचा क्रमांक विचारण्यात आला. क्रमांक कोणाकडेच नव्हता, कारण सूचना मोबाइलच्या बाहेर पडलीच नव्हती. नाना मला रागावले नाहीत. "तुला तरी काय ठाऊक," एवढेच म्हणाले. एम.एस्सी. (कृषि) झालेल्या पुतण्याला ते पुष्कळ झाले.

माहिती भरणे, ती सेव्ह होणे, ती अपलोड होणे आणि ती पलीकडे स्वीकारली जाऊन पावती मिळणे या चार निरनिराळ्या गोष्टी आहेत. मी चौघींना मिळून "झालं" हा एकच शब्द वापरला. आज त्यांचा उलगडा करू. मात्र तेथपर्यंत पोचण्यासाठी थोडे मागून यावे लागेल.

यंत्र आणि त्याचे भाग

संगणक म्हणजे टेबलावरचा डबा अशी आपली समजूत असते. आपल्या खिशातील स्मार्टफोन हाही संगणकच होय. दोन्हींचे काम मळणी यंत्रासारखे आहे. एका बाजूने माल टाकावयाचा, आत त्यावर प्रक्रिया होते, दुसऱ्या बाजूने दाणे बाहेर येतात. आत टाकतो तो इनपुट. कळफलक, कॅमेरा, माइक, बोटाने दाबावयाचा पडदा ही इनपुटची साधने. आतला ड्रम म्हणजे प्रोसेसर. बाहेर येते ते आउटपुट, मग ते पडद्यावर दिसो किंवा छपाई यंत्रातून कागदावर येवो. येथे एक गोष्ट आपणांस कोणापेक्षाही अधिक चांगली कळेल. मातीचा नमुना झाडाखालून किंवा खताच्या ढिगाच्या जागेवरून घेतला तर प्रयोगशाळेचा अहवाल खोटा नसतो, पण तो आपल्या शेताचाही नसतो. संगणकाचेही तसेच. गट क्रमांक चुकीचा भरला तर उत्तर दुसऱ्याच्या शेताचे येते आणि यंत्राला त्याचा पत्ता नसतो.

हाताला लागते ते सर्व हार्डवेअर. त्या यंत्राने काय करावे याच्या लिखित सूचना म्हणजे सॉफ्टवेअर. ट्रॅक्टर एकच असतो, मागे नांगर जोडला की नांगरणी, पेरणी यंत्र जोडले की पेरणी. मोबाइलमधील ॲप ही अशी अवजारे आहेत. अवजार उचलणारी व फिरवणारी जी व्यवस्था ट्रॅक्टरमध्येच बसविलेली असते तिच्या जागी येथे ऑपरेटिंग सिस्टिम असते. मोबाइलमध्ये बहुधा अँड्रॉइड, कार्यालयातील संगणकावर बहुधा विंडोज. अधूनमधून पडद्यावर "अपडेट करा" असा निरोप येतो. पुष्कळजण तो कटकट समजून टाळतात. कणगीला उंदराने पाडलेली भोके वेळच्या वेळी लिंपावी लागतात, तसे सॉफ्टवेअरमध्ये सापडलेली भोके बुजविण्याचे काम अपडेट करीत असते, तेव्हा तो टाळू नये.

आता रॅम आणि स्टोरेज. हे दोन शब्द मोबाइल विकत घेताना दुकानदार धडाधड बोलतो. रॅम म्हणजे खळे आणि स्टोरेज म्हणजे कणगी. काम चालू असते तेव्हा माल खळ्यावर पसरलेला असतो. खळे मोठे असेल तर एकाच वेळी दोन-तीन कामे चालतात, लहान असेल तर गर्दी होते आणि मोबाइल हँग होतो. पण खळ्यावरचा माल कणगीत भरेपर्यंत आपला नाही. संगणकाची वीज गेली की खळे साफ. खळ्यावरून कणगीत टाकण्याच्या क्रियेला सेव्ह करणे म्हणतात. आणि ध्यानात ठेवावे की सेव्ह झालेला माल आपल्याच घरात आहे. तो बाजारात गेलेला नाही. नानांच्या नातवाचा फॉर्म असाच घरच्या कणगीत पडून होता.

मापे : केबी, एमबी आणि वेग

धान्य मोजावयाला किलो, क्विंटल, टन, तसे माहिती मोजावयाला केबी, एमबी, जीबी. सर्वांत लहान व्यावहारिक माप बाइट. इंग्रजीच्या एका अक्षराला एक बाइट जागा लागते. मराठीच्या एका वर्णाला सध्याच्या युनिकोड पद्धतीत सहसा तीन बाइट लागतात आणि काना-मात्रा वेगळे मोजले जातात. सुमारे हजार बाइटांचा एक केबी, हजार केबींचा एक एमबी, हजार एमबींचा एक जीबी. (काही ठिकाणी हजाराऐवजी १,०२४ धरतात. आपल्या कामापुरता फरक नाही.) अर्जाचे एक लिखित पान काही केबींत मावते, पण मोबाइलने काढलेला एक फोटो सहज तीन-चार एमबींचा, म्हणजे त्या पानाच्या शेकडो पट जड असतो. म्हणून पोर्टलवर "फाइल अमुक केबीपेक्षा कमी असावी" अशी अट असते आणि आपला फोटो परत येतो. फोटो लहान करण्याच्या क्रियेला कॉम्प्रेस करणे म्हणतात. पीडीएफ म्हणजे जणू लॅमिनेशन केलेला कागद होय, कोणत्याही यंत्रावर उघडला तरी मजकूर हलत नाही.

मराठी मजकुराच्या बाबतीत हे विशेष महत्त्वाचे आहे. आमच्या विभागात जुन्या संगणकावर टंकलिखित केलेल्या शिफारशींच्या फाइली आजच्या संगणकावर उघडल्या तर चिन्हांचा गोंधळ दिसतो. युनिकोड रूढ होण्यापूर्वी प्रत्येक फॉन्ट आपापल्या पद्धतीने अक्षरे साठवीत असे आणि तो फॉन्ट नसेल तर वाचणे अशक्य. एका चांगल्या ज्वारीच्या प्रयोगाचे आकडे मला छापील प्रतीवरून पुन्हा भरावे लागले आहेत.

माहितीचे आकारमान वेगळे आणि तिचा वेग वेगळा. टाकीत किती लिटर पाणी आहे ही एक गोष्ट आणि ड्रिपर ताशी चार लिटर सोडतो ही दुसरी. रिचार्ज करताना "रोज अमुक जीबी" म्हणतात ती टाकी होय. वेग मोजतात तो एमबीपीएस किंवा केबीपीएसमध्ये, आणि त्यातील "बी" हा बाइटचा नसून बिटचा असतो. आठ बिटांचा एक बाइट. म्हणजे आठ एमबीपीएस वेग असेल तर सेकंदाला जास्तीत जास्त एक एमबी माहिती जाईल. चार एमबींचा फोटो चार सेकंदांत गेला पाहिजे. पण वेग ८० केबीपीएसवर आला तर तोच फोटो जावयास ४०० सेकंद, म्हणजे साडेसहा मिनिटांहून अधिक लागतील. नानांचा नातू पाच मिनिटांनी उठला होता.

इंटरनेट, टॉवर आणि टेलचा शेतकरी

इंटरनेट म्हणजे जगभरचे संगणक एकमेकांना जोडणारे जाळे. याची सुरुवात १९६९ मध्ये अमेरिकेत अर्पानेट या नावाने झाली. आपल्या देशात विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी ते सर्वसामान्यांसाठी खुले केले. वेब हा इंटरनेटवर चालणारा एक व्यवहार, ब्रिटिश शास्त्रज्ञ टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये युरोपातील सर्न या संस्थेत त्याची कल्पना मांडली. इंटरनेट हे कालव्यांचे जाळे समजा, वेबसाइट, ई-मेल, व्हॉट्सॲप ही त्या पाण्यावर घेतलेली निरनिराळी पिके. ब्राउझर म्हणजे वेबसाइट उघडण्याचे ॲप. सर्च इंजिन म्हणजे कोणत्या वेबसाइटवर काय आहे याची सूची ठेवणारे. पुष्कळजण या दोहोंना "गूगल" म्हणतात. चालते, पण सर्च इंजिनने पहिल्या ओळीत दाखविले म्हणजे ते खरे असे नाही, पैसे देऊन वर आणलेल्या जाहिरातीही तेथे असतात. मोटारीच्या दुरुस्तीसाठी कंपनीचा फोन क्रमांक असा शोधणाऱ्याने हे विसरू नये.

आपण फोटो पाठवितो तेव्हा तो अखंड जात नाही. त्याचे लहान लहान तुकडे होतात, त्यांना पॅकेट म्हणतात. ट्रकमधून माल न्यावयाचा तर कट्टे भरून प्रत्येकावर क्रमांक टाकावा, कट्टे वाटेल त्या गाडीने जावेत आणि पलीकडे क्रमांकाने पुन्हा लावावेत तसा हा प्रकार. एखादा कट्टा वाटेत हरवला तर पलीकडून तो पुन्हा मागविला जातो. फिरणारे चक्र म्हणजे हे कट्टे अजून पोचत आहेत असा अर्थ.

आता मोबाइलच्या रेघांविषयी. एका टॉवरची क्षमता ठरलेली असते आणि ती त्या परिसरातील सर्वांत वाटली जाते. संध्याकाळी सगळे गाव एकदम व्हिडिओ पाहू लागले की टेलच्या शेतकऱ्याला चारीला पाणी उरत नाही. रेघा दिसतात, पाणी येत नाही. दुसरे असे की, येणारी माहिती म्हणजे डाउनलोड व जाणारी माहिती म्हणजे अपलोड यांचा वेग सारखा नसतो. टॉवरचा आवाज मोठा, आपल्या मोबाइलचा आवाज लहान. टॉवर लांब असेल तर त्याचे बोलणे आपल्याला ऐकू येते, आपले त्याला नीट ऐकू जात नाही. म्हणून व्हिडिओ दिसतो पण फॉर्म जात नाही. हे मला २०१९ मध्ये माहीत असते तर मी नानांना सांगितले असते की पहाटे उठून माळावर जा आणि तेथून पाठवा. ज्यांच्या गावी रेंजची अडचण आहे त्यांनी अपलोडची कामे पहाटे, मोकळ्या उंच जागेवरून करून पाहावीत.

याच ठिकाणी जीपीएसचा खुलासा करतो, कारण राज्यात १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी सुरू झाल्यावर हा शब्द प्रत्येक बांधावर गेला आहे. जीपीएस म्हणजे उपग्रहांच्या संदेशावरून आपण पृथ्वीवर नेमके कोठे आहोत हे अक्षांश-रेखांशांत ठरविणे. त्याला इंटरनेट लागत नाही, मोकळे आकाश लागते. दाट आमराईत किंवा पत्र्याखाली ते चुकते. फोटोबरोबर हे अक्षांश-रेखांशही नोंदले जातात. घराच्या ओट्यावर बसून पिकाची नोंद करावयास गेलात तर नोंद ओट्याची होईल.

सर्व्हर, क्लाऊड आणि पावती

आपली माहिती शेवटी जाते कोठे? सर्व्हरकडे. सर्व्हर म्हणजे दुसऱ्यांची मागणी पुरविण्यासाठी रात्रंदिवस चालू ठेवलेला संगणक. असे हजारो सर्व्हर एकत्र ठेवलेल्या इमारतीला डेटा सेंटर म्हणतात, नवी मुंबई व पुणे परिसरात अशी मोठी केंद्रे आहेत. क्लाऊड म्हणतात तेही हेच. नाव ढगाचे असले तरी माल जमिनीवरच्या इमारतीत असतो. आपल्या जागेऐवजी भाड्याच्या वखारीत माल ठेवण्याचा हा प्रकार आहे.

वखारीचा व्यवहार आपणांस चांगला ठाऊक आहे. तुरीची पोती बैलगाडीत भरली म्हणजे वखारीत ठेवली असे होत नाही. गाडी रस्त्याला लागली म्हणजेही नाही. वखारीच्या दारात माल उतरला, तपासला, वजन झाले आणि वखार पावती हातात पडली म्हणजे ठेवली. बँक तारण कर्ज देते ते त्या पावतीवर, गाडीवर नव्हे. ऑनलाइन अर्जाचे चार टप्पे हेच आहेत. फॉर्म भरला म्हणजे पोती भरली. सेव्ह किंवा ड्राफ्ट झाला म्हणजे पोती अजून घरी आहेत. अपलोड म्हणजे गाडी चालू आहे. सबमिट दाबल्यावर पलीकडच्या सर्व्हरने तपासून जो क्रमांक दिला, ज्याला कोठे अर्ज क्रमांक, कोठे पोच, कोठे डॉकेट क्रमांक म्हणतात, ती वखार पावती. तो क्रमांक आपला मोबाइल तयार करीत नाही, सर्व्हर देतो, म्हणूनच त्याला किंमत आहे. पडद्यावर क्रमांक आला नाही तोपर्यंत अर्ज झाला असे कोणीही सांगो, मानू नये. क्रमांक आल्यावर पडद्याचा फोटो, म्हणजे स्क्रीनशॉट, काढावा आणि क्रमांक शिवाय वहीत लिहावा. मोबाइल पाण्यात पडतो, वही बहुधा पडत नाही.

"सर्व्हर डाऊन आहे" हे वाक्य आपण सेवा केंद्रांवर ऐकतो. ते प्रत्येक वेळी खोटे नसते. अखेरच्या तारखेला सगळ्या जिल्ह्यांच्या गाड्या एकाच वखारीच्या फाटकावर आल्या तर दार अडते. तथापि काही वेळा सर्व्हर ठीक असतो आणि केंद्रचालकाचेच इंटरनेट बंद असते. दुसरी एखादी वेबसाइट उघडून दाखवा म्हटले की फरक कळतो.

सातबाऱ्याच्या बाबतीत आणखी एक शब्द आवश्यक आहे, डिजिटल स्वाक्षरी. संकेतस्थळावर विनामूल्य दिसणारा सातबारा केवळ माहितीसाठी असतो, तो छापून कचेरीत दिला तर चालत नाही. शुल्क भरून मिळणारा डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा कायदेशीर कामासाठी चालतो आणि त्यावर तलाठ्याचा, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याचा, शिक्का वेगळा लागत नाही. डिजिटल स्वाक्षरी म्हणजे सहीचे चित्र नव्हे. तो त्या मजकुराशी गणिताने बांधलेला आकडा असतो. मजकुरात एक अंक बदलला तरी पडताळणीत ते उघड होते.

बाजारभावाच्या वेबसाइटविषयी थोडेच सांगतो. अनेक बाजार समित्यांचे भाव ॲगमार्कनेटवर २००० पासून येत आहेत. अशा मांडून ठेवलेल्या माहितीच्या कोठाराला डेटाबेस म्हणतात. तेथे किमान, कमाल व सर्वसाधारण असे तीन दर दिसतात. पुष्कळ शेतकरी कमाल दर पाहून गाडी भरतात. तो एखाद्या चांगल्या ढिगाचा असू शकतो. सर्वसाधारण दर म्हणजे ज्या दराने त्या दिवशी सर्वांत जास्त माल गेला तो, आणि आपला हिशेब त्यावर करावा. आवकेचा आकडाही शेजारी असतो, तोही वाचावा.

शेतकऱ्याला या यंत्रांकडून नेमके काय हवे असते याचे एक उदाहरण आपल्या राज्यातलेच आहे. १९९८ मध्ये वारणानगर परिसरातील सुमारे ७० गावे संगणकाने जोडण्याचा प्रकल्प सुरू झाला. उसाची नोंद, तोडणी, वजन यांची माहिती सभासदाला गावातच मिळावी असा त्यात उद्देश होता. पुढे तेथेच काही गावांत संगणकाऐवजी साध्या मोबाइलवरील एसएमएसने ही माहिती देऊन पाहण्यात आली. माझ्या मते यातून दिसते ते हे की शेतकऱ्याला यंत्र कोणते याच्याशी कर्तव्य नसते. आपला ऊस किती टन भरला हे त्याला दुसऱ्याला न विचारता कळावयास हवे असते.

नाव, किल्ली आणि नोंदवलेला मोबाइल क्रमांक

कोणत्याही पोर्टलवर खाते उघडले की यूजर आयडी व पासवर्ड मिळतो. यूजर आयडी हा गट क्रमांकासारखा, दुसऱ्याला कळला तरी बिघडत नाही. पासवर्ड ही किल्ली. ओटीपी म्हणजे एकदाच आणि थोड्या मिनिटांपुरती चालणारी किल्ली, ती आपल्या नोंदणीकृत मोबाइल क्रमांकावर येते.

येथे मला जरा थांबावयाचे आहे, कारण बाकी सर्व शब्द विसरलात तरी चालेल, पण "नोंदणीकृत मोबाइल क्रमांक" विसरू नका. गावोगाव असे आढळते की अर्ज भरताना घाईत केंद्रचालकाने स्वतःचा किंवा दुकानदाराचा क्रमांक टाकलेला असतो. कधी शहरातल्या मुलाचा जुना, बंद पडलेला क्रमांक असतो. त्यानंतर त्या खात्याचे सर्व निरोप व सर्व ओटीपी तिकडे जातात. सातबारा आपला आणि वहिवाट दुसऱ्याची अशी ही अवस्था होय. केंद्रचालक प्रामाणिक असला, आणि बहुतेक असतात, तरी तो गावी नसेल त्या दिवशी आपले काम अडते. पीएम-किसानचे वर्षाचे सहा हजार रुपये तीन हप्त्यांत थेट बँक खात्यात येतात. ई-केवायसी, म्हणजे आपण तेच आहोत याची संगणकावर पटवून दिलेली ओळख, राहून गेली तर हप्ता अडतो. आपला क्रमांक कोणता नोंदवला आहे हे आधार, बँक, पीएम-किसान, महाडीबीटी आणि शेतकरी ओळख क्रमांक अशा प्रत्येक ठिकाणी एकदा विचारून घ्या. मी नानांचे विचारले, तेव्हा पाचांपैकी दोन ठिकाणी माझाच विद्यार्थिदशेतला क्रमांक निघाला!

ओटीपी सांगूच नये असे सरसकट सांगितले जाते. व्यवहारात सेवा केंद्रावर समोर बसून अर्ज भरताना तो द्यावा लागतो. त्या वेळी आधी निरोप पूर्ण वाचावा. ओटीपी कशासाठी आहे हे बहुधा त्याच निरोपात लिहिलेले असते. अर्ज ठिबकचा आणि निरोप बँकेतून पैसे जाण्याचा, असे असेल तर तेथेच थांबावे. इंग्रजी असेल तर शाळेतल्या मुलीकडून वाचून घ्यावे. फोनवरून मात्र कोणालाही, अगदी मी विद्यापीठातून बोलतो म्हणणाऱ्यालाही, सांगू नये.

पिन ही तिसरी किल्ली. यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठी असतो. पैसे घेण्यासाठी पिन टाकावा लागत नाही आणि क्यूआर कोडही स्कॅन करावा लागत नाही. कांदा किंवा म्हैस विकत घेतो म्हणून "ॲडव्हान्स पाठवतो, पिन टाका" असे कोणी म्हणाला तर तो ॲडव्हान्स घेणारा आहे, देणारा नव्हे.

लिंक, पत्ता आणि एपीके

लिंक म्हणजे बोट लावले की दुसऱ्या पानावर नेणारा शब्द. कोठे नेणार हे पत्त्यावरून कळते. आपण पत्र लिहिताना गाव, तालुका, जिल्हा असे लिहितो आणि टपाल खाते शेवटचा जिल्हा आधी पाहते. वेबसाइटचा पत्ताही असाच मागून वाचावा. पहिल्या तिरक्या रेघेच्या आधी शेवटी "जीओव्ही डॉट इन" असेल तर ते शासनाचे संकेतस्थळ, कारण तो शेवट शासकीय संस्थांसाठीच राखलेला आहे. "किसान", "योजना", "जीओव्ही" हे शब्द पत्त्याच्या पुढच्या भागात कोणीही घालू शकतो. पत्त्याशेजारी कुलपाचे चित्र असले की वेबसाइट विश्वासू, असा एक गैरसमज आहे. वाटेत आपले बोलणे तिसऱ्याला ऐकू येत नाही एवढेच ते कुलूप सांगते. पलीकडे बसलेलाच चोर असेल तर कुलूप त्याच्याशीही तितकेच गुप्तपणे बोलू देते.

एपीके ही ॲपची सुटी फाइल. अधिकृत ॲप स्टोअरमधून न घेता व्हॉट्सॲपवर आलेली एपीके उघडणे म्हणजे अनोळखी माणसाने आणून दिलेले बिनलेबलाचे बियाणे पेरणे होय. शेतकरी योजनांची नावे दिलेल्या अशा बनावट फाइलींविषयी शासनाने व पोलिसांनी इशारे दिलेले आहेत. ही फाइल बसली की मोबाइलवर येणारे ओटीपी ती परस्पर वाचू शकते, मग आपण कोणाला काही सांगितले नाही तरी उपयोग नसतो. ती ओळखीच्या माणसाकडूनही येते, कारण त्याच्या मोबाइलमध्ये ती आधी शिरलेली असते. पैसे गेलेच तर लाजेखातर दोन दिवस घरात बसू नये. लगेच १९३० या सायबर मदत क्रमांकावर कळवावे आणि बँकेलाही. पैसा दुसऱ्या खात्यातून पुढे सरकण्याआधी अडविता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच जास्त असते.

कृत्रिम बुद्धिमत्तेबद्दल सकाळी चहाच्या वेळी एकाने विचारले. मराठीत प्रश्न विचारला की उत्तर देणारी साधने आता मोबाइलवर आली आहेत, ती मीही वापरतो. ती पुष्कळ मजकुराच्या आधारे उत्तर रचतात, आपले शेत त्यांनी पाहिलेले नसते, आणि चुकीचे उत्तरही तितक्याच ठाम भाषेत देतात. पिकाची माहिती, अर्जाचा मसुदा यासाठी खुशाल वापरा. कीटकनाशकाची मात्रा मात्र डब्याच्या लेबलवरूनच घ्या, किंवा कृषि सहायकाला अथवा किसान कॉल सेंटरला १८००-१८०-१५५१ वर विचारा.

आता बाहेरच्या खोलीत दोन संगणक मांडले आहेत. एकावर आपापल्या गटाचा सातबारा काढून दाखवू, दुसऱ्यावर नोंदणीकृत मोबाइल क्रमांक तपासू. येताना गट क्रमांक, चष्मा आणि स्वतःचा मोबाइल आणावा. नानाही आज मागे तिसऱ्या ओळीत बसले आहेत. गेल्या खरिपापासून ते सर्व अर्ज स्वतः भरतात आणि क्रमांक हिरव्या वहीत लिहितात. ज्यांना माझे सांगणे अवघड वाटले त्यांनी त्यांच्याजवळ बसावे.